270 जणांचा बंदोबस्त

शंभर दिवसांत सुमारे 8 लाख माणसं. रवांडात 1994 साली झालेल्या वंशसंहाराचा हा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज. तिथलं सरकार दहा लाखांच्या वर सांगतं. भागाकार केला तर दिवसाला 8 हजार, मिनिटाला पाच-सहा. तेही बरेचसे कोयत्यांनी आणि सोट्यांनी. नाक्यानाक्यावर ओळखपत्र मागायचे. त्यावर जमात ‘तुत्सी’ दिसली की माणूस संपला.

पण 8 लाख म्हटल्यावर डोकं बधिर होतं, बाकी काही होत नाही. मला विचाराल तर या प्रकरणातला सर्वांत अचाट आकडा अगदी चिमुकला आहे: 270.

एप्रिलच्या सुरुवातीला तिथं संयुक्त राष्ट्रांचे सुमारे 2,500 शांतिसैनिक होते. 7 एप्रिलला दहा बेल्जियन सैनिक मारले गेले आणि बेल्जियमनं काढता पाय घेतला. या फौजेचे सेनापती रोमेओ डालेर कुमक मागत होते. 5 हजार सुसज्ज सैनिक द्या, कत्तल थोपवतो, असं त्यांचं म्हणणं. 21 एप्रिलला सुरक्षा परिषदेनं ठराव 912 मंजूर केला: फौज 270वर आणा. मंजुरी एकमतानं, म्हणजे रवांडाच्याही मतानं. कत्तल करवणाऱ्या सरकारचा प्रतिनिधी त्या वर्षी परिषदेच्या 15 सदस्यांत होता!

त्याच 21 एप्रिलच्या पहाटे, रवांडातलं मुरांबी. टेकडीवर तांत्रिक शाळेच्या अर्धवट बांधलेल्या इमारती. ‘तिथं जा, संरक्षण मिळेल’ असं अधिकाऱ्यांनीच सांगितल्यामुळे हजारो तुत्सी तिथं जमलेले. पाणी तोडलेलं. लोकांनी दगड मारून हल्लेखोरांना काही काळ रोखलं. मग बंदुका आणि हातबॉम्ब आले. तिथं 50 हजारांच्या आसपास माणसं मारली गेली, असं आज स्मारकात सांगतात.

डालेर यांनी आदेश 270चा असूनही साडेचारशेच्या आसपास सैनिक ठेवून घेतले. तेवढ्यांच्या आसऱ्यानं राजधानी किगालीत हजारो जीव वाचले.

17 मेला परिषदेला उपरती झाली. 5,500 सैनिक मंजूर. 25 जुलैला, सगळं उरकून गेल्यावर, जागेवर होते 550.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या 2005च्या शिखर परिषदेत जगानं तिथल्या जाहीरनाम्यातले परिच्छेद 138 आणि 139 मान्य केले: जनतेला वंशसंहारापासून वाचवणं त्या त्या देशाचं काम, आणि तो उघडउघड कमी पडला तर सगळ्यांचं. मात्र बळाचा वापर करायचा की नाही, हे ठरवणार पुन्हा सुरक्षा परिषदच. तिथं पाच देशांना नकाराधिकार. सीरियावरच्या ठरावांत एकट्या रशियानं तो डझनाहून जास्त वेळा वापरला.