कॉकपिटमधली घडीची खुर्ची

वरोऱ्याच्या बसस्थानकावर हे दृश्य नवे नाही. नागपूरकडे निघालेल्या लालपरीत खाकी कपड्यांतला एक चालक चढतो. आज त्याची ड्युटी नाही, तो घरी निघाला आहे. स्टेअरिंगवरच्या माणसाशी दोन शब्द बोलतो आणि पुढच्या जागेवर टेकतो. खिशात महामंडळाचा पास असतो, त्यामुळे तिकिटाचा विषय निघत नाही.

विमानातही असे चालते. कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागे घडीची एखाद-दुसरी खुर्ची असते. तिला जंपसीट म्हणतात. एका कंपनीच्या वैमानिकाने दुसऱ्या कंपनीच्या विमानात या खुर्चीवर बसून जावे, यासाठी कंपन्यांमध्ये परस्पर करार होतात. गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक घडवणारी संस्था आहे. तेव्हा ‘पायलट झालास की फुकट फिरशील’ असे पोरांना सांगण्याआधी काही गैरसमज दूर केलेले बरे.

गैरसमज : जंपसीट म्हणजे संकटात विमानाबाहेर उडी मारायची खुर्ची.

वस्तुस्थिती : ती लढाऊ विमानातली ‘इजेक्शन सीट’. जंपसीट हे नाव जुन्या घोडागाड्यांतल्या घडीच्या बैठकीवरून आले. कॉकपिटमधल्या या खुर्चीला खांद्यावरचे पट्टे, ऑक्सिजनचा मुखवटा आणि हेडसेट असतो. मुळात ती वैमानिकांची परीक्षा घेणारे, सरकारी निरीक्षक आणि शिकाऊ वैमानिक यांच्यासाठी असते. घरी निघालेल्या वैमानिकाचा नंबर त्यांच्यानंतर.

गैरसमज : वैमानिकाचा परवाना दाखवला की कुठल्याही कंपनीचे कॉकपिट उघडते.

वस्तुस्थिती : परवान्याने विमान चालवता येते, दुसऱ्याच्या कॉकपिटचे दार उघडत नाही. त्यासाठी दोन्ही कंपन्यांत करार लागतो. चंद्रपूर-राजुऱ्याकडून तेलंगणात जाणाऱ्या एसटीचे उदाहरण घ्या. दोन राज्यांत परस्पर करार असतो, म्हणून आपली गाडी तिकडे आणि त्यांची इकडे धावते. तिथे किलोमीटरचा हिशोब ठेवतात. जंपसीटच्या करारात सहसा पैसाही नसतो आणि मोजदादही. आज तुमचा माणूस आमच्याकडे, उद्या आमचा तुमच्याकडे.

ही पद्धत सर्वांत जास्त रुजली ती अमेरिकेत. तिथे कित्येक वैमानिक राहतात एका शहरात आणि त्यांची ड्युटी सुरू होते दुसऱ्याच शहरातून. 2001 च्या सप्टेंबरमधल्या दहशतवादी हल्ल्यानंतर परक्या कंपनीच्या वैमानिकांना कॉकपिट बंद झाले. पुढे ‘कॅस’ नावाची संगणकीय यंत्रणा आली. हा माणूस खरोखर त्या कंपनीत नोकरीला आहे का, चेहरा फोटोशी जुळतो का, हे तिच्या मदतीने विमानतळावरच तपासतात. मग दार पुन्हा उघडले.

गैरसमज : करार असला की बसायचा हक्क मिळतो.

वस्तुस्थिती : शेवटचा शब्द त्या विमानाच्या कॅप्टनचा. पाहुण्या वैमानिकाने कॅप्टनसमोर जाऊन परवानगी मागायची, अशी रीत आहे. कॅप्टन नाही म्हणाला तर विषय संपला. कधी अडचण वजनाची असते. उन्हाळ्यात विदर्भात पारा 45 अंशांवर गेला की हवा विरळ होते आणि विमानाला उचल कमी मिळते. अशा वेळी वजन कमी करायचे ठरले, तर फुकट जाणारा आधी उतरतो.

बसायला मिळाले तरी तो प्रवासी नसतो. दहा हजार फुटांच्या खाली कामाखेरीज बोलायचे नाही, हा नियम त्यालाही लागू. दारू पिऊन तिथे बसता येत नाही.

गैरसमज : ओळखीच्या माणसाला कॉकपिटमध्ये बसवले तर काय बिघडते?

वस्तुस्थिती : फेब्रुवारी 2023 मध्ये एअर इंडियाच्या दुबई-दिल्ली विमानात वैमानिकाने मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बोलावले. ती त्याच कंपनीत कामाला होती, पण त्या उड्डाणात प्रवासी होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, कंपनीला 30 लाख रुपये दंड केला आणि वैमानिकाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला. आपल्याकडे कॉकपिटमध्ये कोणी यायचे हे नियमाने ठरते, मैत्रीने नाही.

गैरसमज : कंपनीच्या कामासाठी प्रवासी म्हणून जाणारा वैमानिकही जंपसीटवालाच.

वस्तुस्थिती : बल्लारशाहच्या रेल्वे कर्मचाऱ्यांना हा फरक पटकन कळेल. पुढची गाडी चालवायला दुसऱ्या गाडीत बसून जाण्याला ते ‘स्पेअर जाणे’ म्हणतात. विमानवाले त्याला ‘डेडहेड’ म्हणतात. तो ड्युटीचाच भाग असतो आणि जागा कंपनी देते. जंपसीट ही वैमानिकाची खासगी सोय. तिसरा प्रकार सवलतीच्या तिकिटाचा. विमान कंपन्यांचे कर्मचारी एकमेकांच्या विमानांतून स्वस्तात जातात, पण जागा रिकामी राहिली तरच.

गैरसमज : धोका फक्त परक्या कंपनीच्या माणसाकडून.

वस्तुस्थिती : 1994 मध्ये फेडेक्सच्या मालवाहू विमानात जंपसीटची सोय घेऊन चढलेल्या माणसाने वैमानिकांवर हातोडीने हल्ला केला. तो फेडेक्सचाच कर्मचारी होता. जबर जखमी वैमानिकांनी विमान उतरवले. ऑक्टोबर 2023 मध्ये अलास्का एअरलाइन्ससाठी उडणाऱ्या होरायझनच्या विमानात जंपसीटवरच्या वैमानिकाने इंजिन बंद करणारे दांडे ओढण्याचा प्रयत्न केला. तोही त्याच समूहातला. ओळखपत्र खरे होते, पण मनात काय चालले आहे ते कोणत्याही यंत्रणेला दिसत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. 28 ऑक्टोबर 2018 च्या रात्री बालीहून जकार्ताला जाणाऱ्या लायन एअरच्या विमानाचे नाक पुन्हा पुन्हा खाली झुकू लागले. तिसऱ्या खुर्चीवर भगिनी कंपनीचा, बटिक एअरचा, वैमानिक होता. शेपटीवरचा आडवा पंख आपोआप हलवणाऱ्या मोटारीची वीज तोडण्यात आली आणि विमान सुखरूप पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान समुद्रात कोसळले, 189 जण गेले. त्या उड्डाणात तिसरा वैमानिक नव्हता.

गैरसमज : फुकटात घर ते ड्युटी, म्हणजे निव्वळ फायदा.

वस्तुस्थिती : फेब्रुवारी 2009 मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळले आणि 50 जणांचा जीव गेला. त्यातली सहवैमानिक आदल्या रात्री सिएटलहून मालवाहू विमानांनी, मध्ये मेम्फिसला विमान बदलत, देश ओलांडून ड्युटीवर आली होती. चुका इतरही होत्या, पण चौकशीत थकव्याचा प्रश्न ऐरणीवर आला आणि वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम बदलले. तिकीट वाचले म्हणून झोप भरून निघत नाही.

आता त्या एसटीतल्या खाकीवाल्याकडे पुन्हा पाहा. ड्युटी नसली तरी त्याचे डोळे रस्त्यावरच आहेत. समोर अचानक गुरे आली की त्याचाही उजवा पाय नकळत दाबला जातो, तिथे ब्रेक नसला तरी. कॉकपिटमधली घडीची खुर्ची अशा पायाच्या माणसासाठी आहे.