अमर्याद म्हणजे किती?

२०१२ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेत आयफोन ५ विक्रीला आला. व्हेरायझन या कंपनीच्या दुकानात त्याच्या सर्वांत स्वस्त नगाला दोन किमती होत्या. दोन वर्षे आमचेच ग्राहक राहू असा करार केला तर सुमारे २०० डॉलर; करार न करता घेतला तर सुमारे ६५० डॉलर. फोन तोच, डबा तोच. अशा वेळी कोणीही शहाणा माणूस २०० डॉलर देईल असे आपल्याला वाटते. पण काही ग्राहकांनी समजून-उमजून ६५० डॉलर मोजले. का बरे?

त्यांच्याकडे एक जुनी गोष्ट होती आणि ती त्यांना गमवायची नव्हती. ती गोष्ट म्हणजे महिन्याला ३० डॉलरमध्ये हवा तितका डेटा देणारी जुनी योजना. स्वस्त फोन घेतला की ती योजना जाणार होती.

वरवर पाहता हा दुकानदारीचा विषय आहे. पण त्यामागे बिनतारी लहरींचे भौतिकशास्त्र आहे, आठवी-नववीच्या वर्गात मांडता येईल असे बीजगणित आहे आणि ‘अमर्याद’ या शब्दाचा अर्थ काय हा प्रश्नही आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करू.

योजना आली कशी आणि गेली कशी?

२००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा अमेरिकेत तो फक्त एटीअँडटी कंपनीकडे मिळत असे आणि त्याबरोबर अमर्याद डेटा दिला जाई. त्या काळी फोनवर लोक पत्रे वाचत, नकाशे पाहत. फार डेटा लागतच नसे. त्यामुळे ‘हवा तितका घ्या’ म्हणणे कंपनीला परवडत होते.

फोन सुधारले, चित्रफिती पाहणे वाढले आणि चित्र पालटले. जून २०१० मध्ये एटीअँडटीने नव्या ग्राहकांना अमर्याद योजना देणे बंद केले. त्याऐवजी १५ डॉलरला २०० मेगाबाइट आणि २५ डॉलरला २ गिगाबाइट असे दर आले. आपल्या स्मार्टफोन ग्राहकांपैकी ९८ टक्के लोक महिन्याला २ गिगाबाइटपेक्षा कमीच डेटा वापरतात, असे कंपनीने तेव्हा सांगितले. जुलै २०११ मध्ये व्हेरायझननेही तेच केले. तिचे नवे दर होते २ गिगाबाइटला ३० डॉलर, ५ गिगाबाइटला ५० डॉलर आणि १० गिगाबाइटला ८० डॉलर. मर्यादा ओलांडली तर जादा प्रत्येक गिगाबाइटला १० डॉलर.

दोन्ही कंपन्यांनी जुन्या ग्राहकांची योजना मात्र चालू ठेवली. नियम बदलला तरी जुन्यांना जुनाच लागू, अशा सवलतीला अमेरिकेत ‘ग्रँडफादर’ हा शब्द वापरतात. म्हणजे ‘आजोबांचे कलम’! या शब्दाचे मूळ मात्र गोड नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या दक्षिणेकडील काही राज्यांनी मतदानासाठी साक्षरतेसारख्या अटी घातल्या आणि ज्यांचे वडील-आजोबा पूर्वी मतदार होते त्यांना त्यातून सूट दिली. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या वंशजांचे आजोबा मतदार असणे शक्यच नव्हते. त्यामुळे अटी प्रत्यक्षात त्यांच्यापुरत्याच उरत. १९१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द ठरवले. शब्द मात्र शिल्लक राहिला.

फोन बदलला की योजना का जावी?

आपल्याकडे हा प्रश्न सहसा पडत नाही. आपण सिमकार्ड एका फोनमधून काढून दुसऱ्यात घालतो. क्रमांक आणि योजना सिमबरोबर जातात, फोन आपला आपण विकत घेतलेला असतो. ज्यांनी २००३ च्या सुमारास रिलायन्सचे सीडीएमए हँडसेट वापरले असतील त्यांना मात्र आठवेल, की त्या फोनमध्ये सिमकार्ड नसे. क्रमांक थेट हँडसेटशी जोडलेला असे आणि हँडसेट बदलायचा तर कंपनीकडे नोंद बदलावी लागे. व्हेरायझनचे जुने जाळेही याच सीडीएमए पद्धतीचे होते. डिसेंबर २०१० मध्ये तिने एलटीई हे चौथ्या पिढीचे जाळे सुरू केले, तेव्हा तिच्या फोनमध्ये सिमकार्ड आले.

दुसरे कारण पैशाचे. ६५० डॉलरचा फोन २०० डॉलरला देताना कंपनी उरलेले ४५० डॉलर सोडून देत नाही. दोन वर्षांच्या बिलांतून ते वसूल होतात. म्हणजे स्वस्त फोन घेणे हा नवा करार असतो आणि नवा करार करताना कंपनी जुन्या अटी मोडू शकते. २८ जून २०१२ पासून व्हेरायझनने नेमके हेच केले. सवलतीच्या किमतीत फोन घेणाऱ्याला अमर्याद डेटा मिळणार नाही. पूर्ण किंमत भरणाऱ्याला जुनी योजना ठेवता येईल.

यावर लोकांनी वाटा शोधल्या. कोणी पूर्ण किंमत दिली. कोणी जुना, वापरलेला फोन विकत घेऊन त्यात आपले सिम घातले. घरात एकाच खात्यावर दोन-तीन क्रमांक असतील, तर ज्या क्रमांकावर अमर्याद योजना नाही त्याच्या नावाने सवलतीचा फोन घ्यायचा आणि नंतर फोनांची अदलाबदल करायची, अशीही युक्ती होती. हे सगळे चालू शके, कारण सवलत आणि करार क्रमांकाला चिकटलेले होते, फोनच्या यंत्राला नव्हे.

यात एका सरकारी नियमाचीही मदत होती. २००८ च्या लिलावात व्हेरायझनने सुमारे ९.४ अब्ज डॉलर मोजून ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे वारंवारता-पट्टे मिळवले. त्यातल्या ‘सी’ नावाच्या पट्ट्याला अट होती, की ग्राहकाने आणलेले योग्य उपकरण जाळ्यावर चालू द्यायला हवे आणि कंपनीने विकलेला फोन दुसऱ्या जाळ्यासाठी कुलूपबंद करता कामा नये. एलटीईचे जाळे याच पट्ट्यावर उभे होते.

फळ्यावर मांडता येईल असा हिशेब

४५० डॉलर जादा मोजणे शहाणपणाचे होते का? सोयीसाठी जुलै २०११ चे दर घेऊ. ४५० भागिले २४ महिने म्हणजे महिन्याला १८.७५ डॉलर. जुन्या योजनेचे ३० डॉलर धरून महिन्याचा खरा खर्च ४८.७५ डॉलर झाला.

आता समजा, ग्राहक महिन्याला क्ष गिगाबाइट वापरतो आणि क्ष २ पेक्षा मोठा आहे. २ गिगाबाइटच्या नव्या योजनेत त्याचा खर्च ३० + १० (क्ष – २) डॉलर. दोन्ही खर्च सारखे केव्हा होतील?

३० + १० (क्ष – २) = ४८.७५

यावरून क्ष = ३.८७५. म्हणजे महिन्याला साधारण ३.९ गिगाबाइट ही सीमारेषा. दीड गिगाबाइट वापरणाऱ्याने जुनी योजना जपली तर दोन वर्षांत ४५० डॉलर वाया. आठ गिगाबाइट वापरणाऱ्याला नव्या दरांत कोणताही पर्याय घेतला तरी महिन्याला निदान ८० डॉलर पडले असते. त्याचे दोन वर्षांत ७५० डॉलर वाचतात. अपूर्ण गिगाबाइटही पूर्ण धरून आकारणी झाली तर आलेख सरळ रेषेऐवजी जिन्यासारखा होईल. तो विद्यार्थ्यांकडून जरूर काढून घ्यावा.

बहुतेक लोक २ गिगाबाइटच्या आतच वापरत होते, तर त्यातल्या अनेकांनी योजना का जपली? एक कारण असे, की माणूस केवळ डेटाचे पैसे देत नाही. मीटरकडे पाहावे न लागण्याचेही पैसे देतो. दुसरे असे, की आज दीड गिगाबाइट वापरणारा उद्या किती वापरेल हे त्यालाही ठाऊक नसते. हिशेबात न दिसणारी ही किंमत खोटी म्हणता येणार नाही.

हवेत जागा किती?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कंपन्यांना अमर्याद योजना नकोशा का झाल्या? त्यात नफ्याचा विचार होताच. पण निसर्गाचीही एक मर्यादा होती.

१९४८ साली क्लॉड शॅनन यांनी दाखवून दिले, की कोणत्याही संदेशमार्गाला कमाल वेग असतो. पट्ट्याची रुंदी, गुणिले (१ + संदेश आणि गोंगाट यांच्या शक्तींचे गुणोत्तर) या संख्येचा पाया २ असलेला लॉगॅरिथम, इतका तो वेग भरतो. व्हेरायझनचे एलटीई सुरुवातीला मनोऱ्याकडून फोनकडे १० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा वापरत असे. मनोऱ्याजवळच्या माणसासाठी ते गुणोत्तर १५ धरले, तर १६ चा लॉगॅरिथम ४, म्हणून वेग सेकंदाला ४० मेगाबिट. दूरच्या माणसाला गुणोत्तर १ मिळाले, तर २ चा लॉगॅरिथम १, म्हणून वेग फक्त १० मेगाबिट.

एक गिगाबाइट म्हणजे ८००० मेगाबिट. ते जवळच्या माणसाला पोचवायला २०० सेकंद लागतील, दूरच्याला ८०० सेकंद. डेटा तेवढाच, पण दुसऱ्यासाठी मनोरा चौपट वेळ अडकून पडला. मनोऱ्याच्या एका दिशेला असलेले सगळे फोन हीच वेळ वाटून घेत असतात. खरी टंचाई गिगाबाइटची नाही, गर्दीच्या वेळच्या सेकंदांची आहे.

खानावळीचे उदाहरण घ्या. महिन्याचे पैसे भरले की पोटभर जेवण. रात्री आठ वाजता पंगत भरलेली असते आणि वाढपी एकच. कणीक संपलेली नसते, पण वाढपी एका वेळी एकाच ताटापर्यंत पोचतो. कोपऱ्यातल्या माणसाकडे जायला त्याला जास्त वेळ लागतो. साडेदहाला तोच वाढपी रिकामा बसलेला असतो. तेव्हा कोणी दहा पोळ्या खाल्ल्या तरी इतरांचे काही बिघडत नाही. मग ‘महिन्याला साठ पोळ्या’ असा नियम केल्याने आठ वाजताची गर्दी कमी होईल का? थोडी होईल, पण नियम नेमक्या दुखण्यावर बसत नाही. मध्यरात्री वापरलेला गिगाबाइट आणि संध्याकाळी वापरलेला गिगाबाइट बिलात सारखाच धरला जातो. मनोऱ्याला मात्र ते सारखे नसतात.

शब्द तसाच, अर्थ बदललेला

एटीअँडटीने वेगळा मार्ग घेतला. जुन्या ग्राहकाची योजना तिने ठेवली, पण ऑक्टोबर २०११ पासून फार वापर करणाऱ्यांचा वेग ती उतरवू लागली. २०१२ मध्ये तिने हद्द ठरवली: तिसऱ्या पिढीच्या फोनला महिन्याला ३ गिगाबाइट, एलटीई फोनला ५ गिगाबाइट. त्यापुढे डेटा मिळे, पण संथ. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०१४ साली तिच्यावर खटला भरला. निदान ३५ लाख ग्राहकांना याची झळ बसली आणि वेग कित्येकदा ८० ते ९० टक्क्यांनी उतरवला गेला, असा आयोगाचा आरोप होता. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने ६ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

इथे एक साधा गुणाकार पाहण्यासारखा आहे. वेग गुणिले वेळ म्हणजे डेटा. महिन्यात सेकंद मोजकेच, ३० दिवसांचे २५,९२,०००. वेग ठरला की कमाल डेटा ठरलाच. सेकंदाला अर्धा मेगाबिट वेग असेल तर महिनाभर फोन अखंड चालू ठेवूनही १६२ गिगाबाइटच्या वर जाता येणार नाही. म्हणजे ‘अमर्याद’ योजना गणिताच्या अर्थाने कधीच अमर्याद नसते. तिचा अर्थ एवढाच, की मोजून अडवणार नाही. वेग कमी करून अडवले तर तो शब्द पाळला की मोडला, हाच त्या खटल्यातला प्रश्न होता.

आपल्याकडच्या अनेक ‘अमर्यादित’ योजनांत रोजचा ठरावीक डेटा संपला की वेग सेकंदाला ६४ किलोबिट होतो. या वेगाने पूर्ण दिवसात किती डेटा मिळेल? सुमारे ६९१ मेगाबाइट. हे गणित मुलांना घालून पाहावे.

पुढे काय झाले? नोव्हेंबर २०१५ मध्ये व्हेरायझनने जपलेल्या जुन्या योजनेचा दर ३० वरून ५० डॉलर केला. २०१६ मध्ये महिन्याला १०० गिगाबाइटच्या वर वापर असणाऱ्यांना योजना सोडायला सांगितले. आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये, स्पर्धा वाढल्यावर, तिने स्वतःच नवी अमर्याद योजना आणली. तिच्यात २२ गिगाबाइटनंतर ग्राहकाला मागे सरकावे लागे, पण मनोऱ्यावर गर्दी असेल तेव्हाच. वाढप्याचे काम ओळखून केलेला हा नियम निसर्गाच्या अधिक जवळ जातो.

ज्यांनी ४५० डॉलर मोजून जुनी योजना जपली, त्यांनी भौतिकशास्त्र नाकारले असे नाही. त्यांनी दिलेला शब्द पाळला जावा एवढेच मागितले. मनोऱ्याची क्षमता मर्यादित आहे हे कंपनीला शब्द देतानाही ठाऊक होते. तेव्हा पुढच्या वेळी जाहिरातीत ‘अमर्याद’ हा शब्द दिसला, की आपण आणि आपल्या विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत: कोणत्या वेगाने? कोणत्या वेळी? आणि हा शब्द किती दिवसांसाठी?