व्हर्च्युअलबॉक्स अपडेट केलं आणि स्क्रीन काळी पडली? मशीन डिलीट करू नका

घरात एकच कॉम्प्युटर, त्यावर विंडोज, आणि मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स. अशी सोय अनेक घरांत असते. पण व्हर्च्युअलबॉक्सची नवी आवृत्ती टाकली की कधी कधी लिनक्सची स्क्रीन काळी पडते, नाहीतर छोट्या चौकटीत अडकते. घाबरू नका. बहुतेक वेळा फाइली सलामत असतात, गडबड फक्त चित्र दिसण्यात असते.

असं का होतं? आतल्या लिनक्सला खरं ग्राफिक्स कार्ड मिळत नाही. व्हर्च्युअलबॉक्स तिला एक बनावट कार्ड देतो. डिसेंबर 2018 च्या 6.0 आवृत्तीपासून नव्या लिनक्स मशीनला ‘व्हीएमएसव्हीजीए’ कार्ड मिळू लागलं, जुन्या मशीनमध्ये मात्र जुनंच राहतं. मग दोघांचं जुळत नाही.

आता हे क्रमाने करा:

1. मशीन पूर्ण बंद करा. ‘सेव्ह’ करून ठेवलं असेल तर कार्ड बदलता येत नाही.
2. सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’ उघडा. लिनक्ससाठी ‘व्हीएमएसव्हीजीए’ निवडा, व्हिडिओ मेमरी 128 एमबी करा.
3. तरीही काळंच दिसतंय? ‘थ्रीडी ॲक्सिलरेशन’ची टिक काढा.
4. स्क्रीन आली पण छोटी आहे? ‘डिव्हाइसेस’ मेनूतून नव्या आवृत्तीचे ‘गेस्ट ॲडिशन्स’ टाका आणि लिनक्स रीस्टार्ट करा.

एका वेळी एकच बदल करा, म्हणजे दोष कुठे होता ते कळेल. आणि पुढच्या अपडेटआधी मशीन नीट बंद करून मुलांच्या प्रोजेक्टची एक कॉपी पेनड्राइव्हवर घ्याच.