आजीबाईचा बटवा आणि पुराव्याची कसोटी

पावसाळ्यात सर्दी होते, कपाळ जड होते आणि खाली वाकताच डोके ठणकू लागते. अशा वेळी अनेक मराठी घरांत उपचारांची लगबग सुरू होते. कोणी सहाणेवर सुंठ उगाळतो, कोणी तव्यावर ओवा भाजून त्याची पुरचुंडी बांधतो, तर कोणी वाफारा घेण्यासाठी पाणी उकळत ठेवतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या उपचारांचा उपयोग किती, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

कपाळात, गालांत, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या मागे खोलवर हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांना ‘सायनस’ म्हणतात. त्यांच्या अस्तरातून पाझरणारा श्लेष्मा अरुंद वाटांनी नाकात उतरतो. सर्दीमुळे अस्तर सुजले, की या वाटा बंद होतात; श्लेष्मा साचतो, दाब वाढतो आणि डोके दुखू लागते. म्हणून सूज उतरवणे किंवा श्लेष्मा वाहता करणे, हेच कोणत्याही उपचाराचे काम ठरते.

सर्वांत परिचित उपाय वाफाऱ्याचा. सायनसचा त्रास वारंवार होणाऱ्या 871 रुग्णांवर इंग्लंडमध्ये झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. वाफाऱ्याने डोकेदुखी काहीशी कमी झाली; इतर लक्षणांत मात्र विशेष फरक पडला नाही. त्याच अभ्यासात मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांना माफक, पण अधिक लाभ झाला.

नाक धुण्याची ही रीत भारताला नवी नाही. हठयोगातील सहा शुद्धिक्रियांमध्ये नेतीचा समावेश आहे आणि जलनेती हा तिचाच एक प्रकार होय. घरगुती उपायांपैकी पुराव्याचा आधार सर्वांत जास्त याच उपायाला आहे. मात्र पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. 2011 मध्ये अमेरिकेतील लुईझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोन व्यक्ती त्या पाण्यातील अमीबाच्या संसर्गाने दगावल्या. उपाय चांगला होता. पाणी निर्जंतुक नव्हते.

निलगिरीच्या तेलातील सिनिओल या घटकाच्या कॅप्सूलने सायनसचा त्रास कमी झाल्याचे 2004 मध्ये जर्मनीतील एका अभ्यासात दिसून आले. परंतु मोजून दिलेली कॅप्सूल आणि घरातील तेलाची बाटली यांत फार अंतर आहे. हे तेल पोटात गेल्यास, विशेषतः लहान मुलांना, विषबाधा होऊ शकते. पुदिन्याच्या सत्त्वाने तर नाक मोकळे झाल्याचा केवळ भास होतो. हवेचा मार्ग प्रत्यक्षात रुंदावत नाही. सुंठीच्या लेपाने त्वचेला ऊब मिळते आणि वेदनेकडचे लक्ष काही वेळ दुसरीकडे वळते. हळदीचे दूध घशाला सुखावते. मात्र हे दोन्ही उपाय सायनसची सूज उतरवतात, असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट निदानाची आहे. आपली डोकेदुखी सायनसची आहे, असे मानणाऱ्या सुमारे 3000 व्यक्तींची पाहणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 88 टक्के व्यक्तींची लक्षणे प्रत्यक्षात अर्धशिशीची होती. अर्धशिशीतही नाक वाहते आणि डोळ्यांभोवती दाब जाणवतो. त्यामुळे गल्लत होते आणि वर्षानुवर्षे भलत्याच दुखण्यावर लेप लावले जातात.

दहा दिवसांत आराम न पडणे, तीव्र ताप, डोळ्याभोवती सूज, दृष्टीत बदल किंवा मान ताठणे, यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून मुले भाजतात. म्हणून त्यांना असा वाफारा देऊ नये.

बटव्यातील प्रत्येक मुळी खोटी नसते आणि प्रत्येक मुळी रामबाणही नसते. अनुभवाने सुचवलेले उपाय पुराव्याच्या कसोटीवर घासून पाहणे, हा परंपरेचा अवमान नव्हे. त्यातूनच तिच्यातील टिकाऊ भाग पुढच्या पिढीच्या हाती निर्धास्तपणे देता येतो.