पाच तासांनी अर्धा तास

न्हावा शेवा बंदरातून कंटेनर घेऊन दिल्लीला निघालेल्या ट्रकपुढे सुमारे चौदाशे किलोमीटरचा रस्ता असतो. त्यात ड्रायव्हरने कधी थांबायचं, याचा कायदा आपल्याकडे १९६१ पासून आहे, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल.

मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास काम ठरवलं. लांब पल्ल्यासाठी मंजुरी घेऊन १० आणि ५४. सलग ५ तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती, आणि दोन दिवसांच्या ड्युट्यांमध्ये सलग ९ तास मोकळे. पण हा कायदा ५ किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होता. एक-दोन गाड्यांचा मालक त्यातून सुटला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम ९१ ने ती फट बुजवली, तीही कागदावर. तास मोजणार कोण?

मोजणीतही गंमत होती. टर्मिनलवर नुसतं थांबण्याचा १५ मिनिटांहून कमी वेळच कामात धरला जाई. गाडी खाली व्हायला रात्र गेली तर ती कामातही नाही आणि झोपेतही नाही. पुढे २०२० च्या श्रमसंहितेत १९६१ चा कायदा सामावला गेला.

युरोपात साडेचार तास गाडी हाकल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं. हवं तर आधी १५, मग ३० असे दोन तुकडे करता येतात. गाडीतला टॅकोग्राफ सगळं नोंदवतो, तपासणी अधिकारी रस्त्यातच नोंदी बघतात. आठवड्याची ४५ तासांची नियमित विश्रांती केबिनमध्ये घेता येत नाही. मुक्कामाचा खर्च मालकाचा. शिवाय माल पाठवणाऱ्यालाही नियमात बसेल असंच वेळापत्रक ठरवावं लागतं.

आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत, डुलकी ओळखणारे सेन्सर बसवावेत, असं सुचवलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. महामार्गांवरच्या काही पेट्रोल पंपांवर ‘अपना घर’ नावाची निवासस्थानंही उभी राहिली. सोयी चांगल्याच आहेत, पण एसीने उकाडा जातो, जागरण भरून निघत नाही.

‘उद्या सकाळी माल पोचलाच पाहिजे’ असं फोनवर बजावणाऱ्या व्यापाऱ्यांनी आणि कारखानदारांनी आधी किलोमीटर आणि तासांचा हिशेब मांडून पाहावा.