मामा तलावांतील हिरवी साय

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील धानशेतीचा मोठा आधार म्हणजे गावोगावचे तलाव व बोड्या. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने व पुढे मालगुजारांनी बांधविलेले हे तलाव मालगुजारी गेल्यानंतर माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. गुरांचे पाणी आणि धीवर बांधवांची मासेमारीही त्यांवरच अवलंबून असते. उन्हाळ्यात पाणी उतरले की काही तलावांवर रंग ओतल्यासारखी दाट हिरवी साय धरते. ती नुसती घाण नव्हे. पाण्यात चाललेल्या एका झुंजीचा तो निकाल होय.

तलावाच्या पाण्यात नुसत्या डोळ्यांस न दिसणाऱ्या असंख्य वनस्पती तरंगत असतात. हिरवे शेवाळ आणि काचेसारखे कवच असलेले डायटम हे त्यांतील उपयुक्त घटक होत. त्यांवर सूक्ष्म जलजीव जगतात आणि त्या जीवांवर कटल्यासारखे मासे पोसतात. निळे-हिरवे शेवाळ त्यांचे प्रतिस्पर्धी होय. शास्त्रदृष्ट्या ते जीवाणू असून त्यांस सायनोबॅक्टेरिया म्हणतात.

या शेवाळाच्या अनेक जातींच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांच्या बळावर ते वर येऊन प्रकाश अडविते व खालच्या वनस्पती अंधारात पडतात. दुसरे साधन रासायनिक आहे. काही जाती लोह धरून ठेवणारी द्रव्ये पाण्यात सोडतात. त्यामुळे अत्यल्प असलेले लोह इतरांच्या हाती लागत नाही. ही गोष्ट १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडली गेली. अमेरिकेतील लिन्स्ले तळ्याच्या अभ्यासात कॅथलीन कीटिंग यांनी १९७८ साली दाखविले की, निळे-हिरवे शेवाळ वाढलेले पाणी गाळून घेतले, तरी त्यात डायटमची वाढ खुंटते. तथापि केवळ अशा द्रव्यांमुळेच हे शेवाळ वरचढ ठरते असे नव्हे. उष्ण व संथ पाणी आणि स्फुरदाचा भरपूर पुरवठा यांची जोड मिळाली म्हणजे त्याचे फावते.

हेच शेवाळ सर्वत्र शत्रू असते असेही मानू नये. त्याच्या काही जाती हवेतील नत्र धानाच्या बांधीत स्थिर करतात, हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले होते. मात्र तलावावर साय धरणारी मायक्रोसिस्टिस ही जात नत्र स्थिर करीत नाही. उलट तिचे अनेक प्रकार यकृतास घातक असे विष तयार करतात. पाणी उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. साय मरून कुजू लागली की पाण्यातील प्राणवायू घटतो व पहाटे मासे पृष्ठभागी येऊन तोंडे उघडमीट करू लागतात.

पाणी हिरवे दिसताच ग्रामकार्यकर्त्याने स्वच्छ काचेच्या बाटलीत ते भरावे व रात्रभर न हलविता सावलीत ठेवावे. हाताला पाणी लागू देऊ नये. हिरवा थर वर जमल्यास निळ्या-हिरव्या शेवाळाचा संशय धरावा. थर तळाशी बसल्यास बहुधा ते दुसरे शेवाळ असते. ही खूण प्राथमिक होय. खात्रीसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. तोवर गुरांना ते पाणी पाजू नये, मुलांना त्यात उतरू देऊ नये आणि पिण्यासाठी दुसऱ्या स्रोताचे पाणी वापरावे.

साय मारण्यासाठी मोरचूद टाकण्याची घाई करू नये. पेशी फुटल्याने आतील विष एकदम पाण्यात मिसळते आणि प्राणवायूही घटतो. खरा उपाय शेवाळाचे खाद्य तोडणे हा होय. पाणी हिरवे असताना मत्स्यपालनासाठी शेण अथवा सुपर फॉस्फेट घालणे थांबवावे. उकिरडे तलावात उतरणाऱ्या ओहोळांपासून दूर ठेवावेत. सांडपाणी वळवावे, तलावाच्या वरच्या बाजूस गवताचे पट्टे राखावेत आणि धानाला खताची मात्रा माती परीक्षणानुसारच द्यावी.

उन्हाळ्यात तलाव आटल्यावर गाळ काढून तो शेतात नेणे दोन्हीकडून लाभाचे ठरते. गाळात साठलेले स्फुरद धानाच्या बांधीत गेले तर खत होते. तलावातच राहिले तर पुढील सायीचे ते बी ठरते.