वनभोजनाची सुटसुटीत तयारी

कार्तिक लागला की आपल्याकडे आवळीभोजनाचे बेत सुरू होतात. आवळ्याच्या झाडाखाली घरादारानं बसून जेवायचं, ही आपली जुनी चाल. पुढं पौष-माघात शेतावर हुरडा असतोच. म्हणजे सहलीची हौस काही शहरातून आलेली नाही. ती गावचीच आहे. पण एक विचारतो, रागावू नका. त्या दिवशी घरची बाई केव्हा जेवते? पहाटे उठून तिनं पुरण वाटायचं, रानात जाऊन पुन्हा चूल मांडायची, सगळ्यांना वाढायचं आणि अखेरीस उरलंसुरलं खाऊन भांडी घासायची! याला वनभोजन म्हणावं, की चुलीचं स्थलांतर?

तेव्हा पहिला नियम असा की, रानात चूल पेटवायची नाही. त्यात बाईची सुटका आहे, आणि दुसरंही कारण आहे. या दिवसांत गवत वाळू लागलेलं असतं; एका ठिणगीनं वणवा लागतो. शिवाय जवळ आग्या मोहोळ असलं तर धुरानं माश्या उठतात, आणि मग जीवावर बेतण्याची वेळ येते. म्हणून बसण्यापूर्वी वर झाडाकडं आणि कड्याकडं एकदा नीट पाहून घ्यावं.

मग न्यायचं काय? आपल्या आज्या-पणज्यांनी याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलं आहे: दशमी. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलं की भाकरी मऊ राहते, प्रवासात वातड होत नाही. सोबत धपाटे, शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, कांदा, काकडी, गूळ आणि लिंबू. चटणीत खोबरं घालायचं तर सुकं घालावं. ओलं खोबरं लवकर आंबतं. शिजवलेला भात आणि बटाट्याची ओली भाजी मात्र घरीच जेवावी. असे पदार्थ गरम गरम डब्यात कोंबले की वाफेचं पाणी होतं आणि त्यात रोगजंतू झपाट्यानं वाढतात. म्हणूनच दशम्यासुद्धा निवल्यावर स्वच्छ फडक्यात बांधाव्या. अंदाज सांगायचा तर सहा माणसांच्या घराला अठरा दशम्या पुरतात. रानात भूक जरा जास्तच लागते, हे धरून!

पाणी माणशी दोन लिटर, म्हणजे सहा जणांना बारा लिटर, घरूनच न्यावं. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी ते उकळल्याशिवाय पिऊ नये.

आता गाठोडी. ती दोनच करावी: एक अन्नाचं, दुसरं सामानाचं. सामानात घोंगडी, सुरी, दोन वाडगे, हात पुसायला जुनं धोतर, झोक्यासाठी दोर आणि मिठाची पुडी. हसू नका, सगळं आठवतं आणि नेमकं मीठच राहतं! जे आधी लागणार ते वर ठेवावं. घोंगडी तळाशी असली तर सगळं गाठोडं धुळीत सोडावं लागतं. ताटं न्यायची नाहीत. पळसाच्या पत्रावळी न्याव्या. प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहेच. शिवाय पत्रावळ घासावी लागत नाही, हे काय थोडं झालं?

जागा किती लांबची असावी? घरातली म्हातारी आणि लहान पोर चालू शकेल तेवढी. तीन किलोमीटर पुष्कळ झाले. आठाला निघावं, बाराला जेवावं, चाराला उठावं. कार्तिकात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी घर गाठलेलं बरं. विहीर, बंधारा किंवा डोह जवळ असला तर मुलांवर लक्ष ठेवायचं काम एका मोठ्या माणसाकडं नेमून द्यावं. सगळ्यांनी लक्ष ठेवायचं म्हटलं की कोणीच ठेवत नाही. दगडाखाली हात घालू नये. सापानं दंश केलाच तर कापाकापी करू नये, आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता माणसाला दवाखान्यात न्यावं. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

गुरुजींनी शाळेचं वनभोजन काढलं तर हीच यादी मुलांकडून करून घ्यावी. माणशी किती पाणी, किती दशम्या, हे गणित फळ्यापेक्षा तिथं लवकर कळतं. आवळ्यात ‘क’ जीवनसत्त्व भरपूर असतं, हा धडाही झाडाखालीच द्यावा.

राहता राहिलं वाढणं. मंडळी, ते पुरुषांनी आणि पोरांनी करावं. पाणी वडिलांनी वाहावं, घोंगडी मुलांनी अंथरावी, केरकचरा वेचून परत आणायचं काम मुलामुलींनी मिळून करावं. आणि पहिली पत्रावळ मांडावी ती घरच्या बाईसाठी. ‘मी मागाहून बसते’ असं ती म्हणेल; तिला सवयच झालेली असते. तेव्हा हाताला धरून तिला बसवा, आणि गुळाचा खडा आधी तिच्या पत्रावळीवर ठेवा.